कंदील घरी आला

१

शंकरप्पा सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी गोठ्यात जायचे. दोन बैल आणि एक म्हैस. गोणपाटाचा बोळा करून ते बैलांची अंगं पुसायचे. आधी मान, मग पाठ, मग पोट, शेवटी पाय. बैलांना असल्या लाडाची सवय नव्हती. सुरुवातीला ते शेपटी झाडायचे. आता डोळे मिटून उभे राहायचे.

"पूस, पूस," अंगणातून शांताक्का म्हणायची. ती त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. "घोड्यांला जेवढं पुसलंस, त्याच्या निम्म्यानं पोटच्या पोराला कडंवर घेतलं असतंस, तर आज त्यो दोन शब्द गोड बोलला असता."

"अक्का, सकाळी सकाळी कशाला?"

"मग कवा? संध्याकाळी तुला ऐकू येत न्हाय."

शंकरप्पा हसायचे आणि बोळा दुसऱ्या बैलाकडे न्यायचे. तिचं खोटं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पुण्याच्या रेसकोर्सवर घालवली होती, सईस म्हणून. घोड्याला न्हाऊ घालायचं, चंदी चारायची, खरारा करायचा, शर्यतीला न्यायचं आणि परत आणायचं. पोरगा उमाशंकर इकडं लोहाऱ्याजवळच्या या गावात आईच्या हाताखाली वाढला. ती गेली तेव्हा मुंबईचा शर्यतींचा हंगाम चालू होता. शंकरप्पा आले ते माती सावडायला.

आता काही वर्षं झाली, ते कायमचे घरी आले होते. घरात कुणी त्यांना वाईट बोलत नव्हतं. ताट वेळेवर यायचं, आजारपणात गोळी मिळायची. फक्त त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. रान कुठलं पेरायचं, पाहुणे कुणाचे करायचे, काहीच नाही. एखाद्या दूरच्या पाहुण्याला वागवावं तसं त्यांना वागवलं जात होतं.

म्हणून नातू युवराज त्या दिवशी गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि बोलला, तेव्हा शंकरप्पांच्या हातातला बोळा तसाच राहिला.

"आज्जा, माघात माझं लगीन हाय. परण्याला घोडा करायचाय. पर दोर घोडेवाल्यानं न्हाय धरायचा. तुम्ही धरायचा. मित्रांना सांगून ठेवलंय म्या, माझा आज्जा रेसकोर्सवरचा हाय म्हणून."

लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीला जातो, नारळ फोडतो, आणि मगच मांडवात येतो. तो परण्या. त्या घोड्याचा दोर.

"धरीन की," शंकरप्पा म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण त्यांचं बोलणं मुळातच सावकाश. तोवर पोरगा फोन कानाला लावून गेला होता.

२

घोडा आधी बघून घ्यावा म्हणून ते जीपनं लोहाऱ्याला गेले. हिंमतराव बँडवाला ओळखीचा होता. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला ढोल, ताशे, प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेली बग्गी. दुसऱ्या बाजूला घोड्याचं ठाण.

"या आप्पा, या. नवा माल आणलाय," हिंमतराव म्हणाला. "असा घोडा आख्ख्या जिल्ह्यात न्हाय. रेसचा हाय म्हणत्यात. तुमचा जातवाला!"

घोडा पाठमोरा उभा होता. गडद तांबूस, उंच, लांब पायांचा. असल्या घोड्याची पाठ बघितली की शंकरप्पांना अजून आत कुठंतरी हलायचं. ते जवळ गेले. हात लावला.

अंग ओलं होतं.

पौष संपत आला होता. सकाळचा गारवा पत्र्यातून उतरत होता. अशा हवेत घोडा ठाणाला उभा राहून घामानं निथळत होता. मानेवरून, छातीवरून घाम ओघळत होता. नाकपुड्या फुलल्या होत्या, बरगड्या वरखाली होत होत्या. आत्ताच कुणीतरी जीव खाऊन पळवून आणल्यासारखा.

"याला पळवलं कुणी?"

"कोण पळवतंय? काल दुपारपासनं बांधलेला हाय हितंच." हिंमतरावनं आवाज खाली आणला. "आल्यापासनं असाच हाय त्यो. डॉक्टर झाले, औषध झालं. पुसलं तरी पुन्हा वलाच. आन पाणी पीत न्हाय आप्पा. निदान म्या तरी कवा बघितला न्हाय. पर खंगत बी न्हाय."

"घेतला कुठनं?"

"माळेगावच्या यात्रेत. खरं सांगू का, म्या दुसराच बघायला गेलतो. ह्यो आपल्या टेंपोच्या मागं येऊन उभा ऱ्हायला. ना मालक, ना दोर. इचारलं तर कुणी बोलंना. टेंपोचं फळकूट पाडलं तर आपल्या पायानं वर चढला." तो हसला. "फुकाचा घोडा. माझं नशीब म्हणलं."

शंकरप्पा पुढच्या बाजूला आले. घोड्यानं मान वळवली.

कपाळावर पांढरा टिळा होता. वर रुंद, खाली निमुळता, कंदिलाच्या काचेसारखा. उजव्या कानाच्या शेंड्याला खाच होती. लहानपणी तारेत अडकून पडलेली असावी तशी. पुढच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली हिरवी पट्टी गुंडाळलेली.

"ती पट्टी?"

"व्हतीच आधीपासनं. सोडाय गेलं की चावतोय. म्हणलं ऱ्हाऊ दे, वरनं घुंगरू बांधतो, शोभून दिसतंय."

घोड्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि आपलं नाक शंकरप्पांच्या डाव्या बगलेत खुपसलं. तिथंच ठेवलं. त्याचा श्वास सदऱ्यातून आत लागत होता, गरम, घाईचा.

"अरारारा," हिंमतराव म्हणाला. "मला जवळ येऊ देत न्हाय आन तुमच्याशी बघा!"

 शंकरप्पांनी हळूच घोड्याचं नाक बाजूला केलं आणि ते बाहेर उन्हात येऊन उभे राहिले. उन्हात त्यांना थंडी वाजत होती.

३

सारखे दिसणारे घोडे असतात. एका बापाची दहा शिंगरं असतात, पाचांच्या कपाळावर एकसारखा टिळा येतो. कानाला खाच कुणालाही पडते. परतीच्या जीपमध्ये शंकरप्पा स्वतःला हे सांगत होते. शेजारची बाई कोथिंबिरीची पाटी मांडीवर घेऊन पेंगत होती. रस्ता नेहमीचाच होता.

रेसकोर्सवरचा तो घोडा दोन वर्षांचं शिंगरू असताना पुण्याला आला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. त्यात लँटर्न असा एक शब्द होता. टिळा बघून शंकरप्पांनी त्याचं कंदील केलं. पहिल्या शर्यतीला फाटक उघडलं तरी तो उभाच राहिला. मग पळाला, सगळ्यांच्या मागून. मालक बघायला आले होते ते शर्यत संपायच्या आत गाडीत जाऊन बसले. शंकरप्पा दोर घेऊन मैदानात गेले. शिंगरू थरथरत होतं, डोळे पांढरे करत होतं. शंकरप्पांनी त्याच्या कानाशी आपल्या घरच्या भाषेत म्हटलं, "नडी मगा, मनीगी होगूण." चल लेकरा, घरी जाऊ. सीमेवरच्या गावातलं कानडी ते. रेसकोर्सवर दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. घोड्याला कळलं. तो शांत झाला आणि मागून चालू लागला.

पुढं तो पळाला. असा पळाला की मुंबईच्या हंगामात मोठा कप घेऊन आला. जिंकला की दोर मालकाच्या हातात जायचा. मालक तो दोन बोटांत धरायचे, तळहाताला घाम लागू नये म्हणून. फोटो निघाला की दोर पुन्हा शंकरप्पांकडे. हरला की मध्ये कुणी नसायचं, दोर सरळ शंकरप्पांकडे. दोन्ही वेळा ते तेच म्हणायचे. चल लेकरा, घरी जाऊ. मग तबेल्यामागं त्याला गोल गोल फिरवायचे. घाम वाळेपर्यंत आणि श्वास खाली बसेपर्यंत. त्याआधी घोड्याला पाणी द्यायचं नसतं, ठाणाला बांधायचं नसतं. तापलेला घोडा मध्येच सोडला तर आतून बिघडतो.

मग वय झालं. शिरा सुजायला लागल्या. पहिल्या वर्गातला घोडा एकेक पायरी उतरत शेवटच्या वर्गात आला. मालक बदलले. कप घेतलेला मालक त्याच मैदानात दुसऱ्या घोड्याच्या बाजूला उभा असायचा आणि कंदील समोरून गेला तरी त्याला ओळखायचा नाही.

शेवटची शर्यत पुण्यात झाली, पावसाळी हंगामात. गवत ओलं होतं. लांबच्या वळणावर घोळक्यातून एक घोडा खाली गेला. जॉकी उठून उभा राहिला. घोडा उठायचा, पुन्हा पडायचा. बाकीचे ज्या बाजूला गेले त्या बाजूला तोंड करून तो पुन्हा पुन्हा उठत होता.

असं झालं की माणसं हिरवा पडदा आणून धरतात, लोकांना दिसू नये म्हणून. पडद्याच्या पलीकडं लोक पुढच्या शर्यतीचं बोलत होते. अलीकडं डॉक्टर, कंदील आणि शंकरप्पा. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. शंकरप्पांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुई टोचेपर्यंत घोडा हलू नये, एवढंच त्यांच्या हातात होतं. ते नेहमीचं तेच बोलले. घोडा शांत झाला.

त्या दिवशी फिरवायला कुणी उरलं नव्हतं.

घरी म्हणजे तबेल्यात, असंच त्यांना म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली, पेटी उचलली आणि ते इथं आले.

४

दुपारी जेवून शंकरप्पा ओसरीलगतच्या खोलीत आडवे व्हायचे. लोहाऱ्याहून आल्यापासून तिथं त्यांना आवाज यायला लागला. भिंतीपलीकडं कुणीतरी धापा टाकत होतं. बैलाचा श्वास असा नसतो. बैल सुस्कारतो. हा आवाज एका लयीत होता, फुफ्फुसातून भाता ओढल्यासारखा, शेवटच्या वळणानंतरचा.

ते उठून बाहेर गेले. भिंतीला लागून काही नव्हतं. वाळत घातलेली ज्वारी, तिच्यावर दोन चिमण्या. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. छातीच्या उंचीवर भिंत ओलसर होती, आणि कोमट.

ऊन असेल. उन्हानं तापली असेल. ओल कुठून आली, याचं उत्तर त्यांना लगेच सुचलं नाही. मग सुचलं, की शेजारच्यांची मोरी आहे. मोरी दुसऱ्या बाजूला होती, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी शांताक्का अंगण झाडता झाडता थांबली.

"शंकर, हिकडं ये जरा. तुझ्या पाव्हण्यांपैकी कुणी आलतं काय रं?"

धुळीत टापांचे ठसे होते. फाटकातून आत, भिंतीपर्यंत. नाल मारलेले, स्वच्छ. शंकरप्पा ते बघत राहिले. त्यांची नजर आपोआप पावलं जुळवायला लागली. मागचा उजवा, मागचा डावा, पुढचा उजवा. मग पुन्हा मागचा उजवा. चौथा ठसा कुठंच नव्हता.

"कुणाचं तरी लंगडं गाढव असंल," शांताक्का म्हणाली आणि तिनं त्यावरून खराटा फिरवला. "घरात लगीन आन दारात गाढव. चांगलं हाय."

त्या संध्याकाळी शंकरप्पा उमाशंकरकडं गेले. तो मांडववाल्याशी बोलत होता.

"उमा, घोडा बदलू. लोहाऱ्यातच दुसरा मिळंल. न्हायतर कळंबहून आणू."

"कामून? काय झालं त्याला?"

"तब्येत न्हाय बरी त्येची."

"हिंमतरावनं तर लई गुण गायले. तुमच्या बगलंत तोंड घातलं म्हणं." उमाशंकरनं वहाणेनं जमीन उकरली. "आप्पा, एक सांगू? पोरानं हौसेनं दोर तुमच्या हातात दिलाय. मला इचारलं असतं तर म्या दिला नसता. आयुष्यभर परक्याच्या घोड्यामागं फिरलाव. आता आपल्या पोराच्या घोड्याला येक तास धरायचं म्हणलं तर तुम्हाला तब्येत दिसलाली?"

"तसं न्हाय रे."

"मग कसं?"

शंकरप्पांनी तोंड उघडलं. काय सांगायचं? की या घोड्याला मी मांडीवर मरताना बघितलंय? मांडववाला दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

"काय न्हाय," ते म्हणाले. "धरतो."

त्यांनी मनाशी ठरवलं. दोर आपल्याच हातात असणार. पोराला काही होऊ द्यायचं नाही. परण्या झाला की घोडा टेंपोत जाईल आणि त्यांचं काम संपेल.

५

लग्न दुपारचं होतं, म्हणून परण्या उन्हं वर आल्यावर निघाला. हिंमतरावनं घोडा उतरवला आणि दोर घाईघाईनं शंकरप्पांच्या हातात दिला. झूल, कलाबतू, आरशांचा मुखवटा, पायांत घुंगरू. हिरव्या पट्टीवर लाल रिबीन बांधली होती. झुलीच्या खालून घाम ठिबकत होता.

डीजेच्या गाडीनं कान बसले. पोरं नाचायला लागली. शंकरप्पा पुढं बघून चालत होते. घोडा बिचकला नाही, उडाला नाही. गर्दीची आणि आरडाओरड्याची त्याला सवय होती. टापांचा आवाज डीजेत बुडून गेला होता, याचं शंकरप्पांना बरं वाटत होतं. त्यांना तो मोजायचा नव्हता.

"आज्जा," वरून युवराज वाकून ओरडला. "खाली इस्तू ठिवल्यावानी लागलालंय! पॅन्ट वली झाली सगळी!"

"नीट बस. आयाळ धर."

"ह्याला दम लागलाय का? आपण तर मुंगीच्या चालीनं चाललाव!"

"बस म्हणलं ना, बाळा."

मारुतीच्या देवळापुढं कडुनिंबाचं मोठं झाड होतं. पलीकडं शाळेचं मैदान, आणि मैदानात मांडव. युवराज उतरला, आत गेला, नारळ फोडला. शंकरप्पांनी श्वास सोडला. झालं. आता टेंपो.

तेवढ्यात फोटोवाला पुढं आला. "नवरदेव, घोड्याबरोबर येक. दोर तुम्ही धरा. आज्जा, जरा बाजूला व्हा."

"नको," शंकरप्पा म्हणाले. पण ते सावकाश बोलणारे. तोवर युवराजनं हसत दोर ओढून घेतला होता, दोन बोटांत, फेट्याचा तुरा सरळ करत.

फोटो निघाला. युवराजची बोटं मिटली. मूठ वळली. तो वळला आणि चालू लागला.

"तिकडं कुठं, नवरदेव?" फोटोवाला म्हणाला.

"पळून चाललाय रे नवरदेव!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळी पोरं हसली.

युवराज निंबाभोवती फिरत होता. त्याच्या मागं घोडा. पोराचं तोंड उघडं होतं. कपाळावरून घामाच्या धारा फेट्याखालून उतरत होत्या आणि छाती घोड्याच्या छातीबरोबर वरखाली होत होती, एकाच लयीत. मित्रानं हाक मारली, ती त्यानं ऐकली नाही. मित्रानं खांद्यावर हात ठेवला, तो खांद्यावरून गळून पडला. एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. हसणं कमी कमी होत गेलं.

शंकरप्पा आडवे गेले. खाली वाकून युवराजची मूठ धरताना त्यांना घोड्याचा पाय दिसला. रिबीन सुटली होती, हिरवी पट्टी खाली घसरली होती. आत पाय होता. गुडघ्यापासून खाली येत होता, आणि मग एका जागी तो दुसऱ्याच बाजूला वळला होता. खूर जमिनीला लागत नव्हता. आणि घोडा चालत होता.

त्यांनी पुन्हा तिकडं बघितलं नाही. युवराजचं एकेक बोट उकलून त्यांनी दोर आपल्या हातात घेतला.

पोरगा दचकून उभा राहिला.

"आज्जा... तिकडं हिरवंगार गवत व्हतं. लई लोक वरडलालते." त्यानं कपाळ पुसलं, हाताकडं बघितलं. "मला परत याला वाटच घावंना."

"ऊन लागलंय तुला. जा मांडवात. पाणी पी. जा."

६

हिंमतराव आला. त्यानं हात लांब करून मुखवट्याला आपली साखळी अडकवली आणि दोराची गाठ सोडली.

"दोर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, आप्पा. मी नेतो साखळीनं." तो शंकरप्पांच्या नजरेला नजर देत नव्हता.

घोडा टेंपोत चढला. फळकूट लागलं. टेंपो धूळ उडवत लोहाऱ्याच्या रस्त्याला लागला. फळकुटावरून पांढरा टिळा दिसत होता तो लहान लहान होत गेला आणि वळणावर नाहीसा झाला. हे सगळ्यांनी बघितलं. शंकरप्पांनीही बघितलं.

मग त्यांचं लक्ष आपल्या हाताकडं गेलं. दोर अजून मुठीत होता. मुठीतून तो मागं खांद्यावरून गेला होता, आणि ताठ होता.

मानेवर गरम श्वास लागत होता.

त्यांनी मागं बघितलं नाही. टेंपो गेला, असं स्वतःला सांगितलं. म्हातारपणी हाताला मुंग्या येतात, खांदा धरतो, मान तापते. बोटं सैल केली की दोर गळून पडेल, आपण जाऊन पहिल्या रांगेत बसू. समोर मांडवात अंतरपाट धरला होता, भोंग्यातून मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. आपल्या नातवाचं लग्न लागत होतं.

त्यांनी बोटं सैल केली.

अंतरपाटामागं युवराजनं मान वर केली. निंबाकडं बघितलं. त्याचं तोंड उघडलं, आणि पाटावरून एक पाय खाली आला. कुणीतरी त्याचा दंड धरला, तरी दुसरा पाय उतरला.

शंकरप्पांनी मूठ आवळली.

युवराज थांबला. गोंधळल्यासारखं आजूबाजूला बघून पुन्हा पाटावर चढला. लोक हसले. अक्षता पडल्या.

मग शंकरप्पा चालायला लागले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. निंबाभोवती, डावीकडून उजवीकडं, सावकाश, तापलेल्या घोड्याला फिरवतात तसं.

पंगतीची पानं मांडली गेली. बऱ्याच वेळानं मैदानातून चौघं आली. उमाशंकर, युवराज, नवी सून प्रतीक्षा आणि मागून शांताक्का.

"आप्पा, टेंपो कवाच गेला," उमाशंकर म्हणाला. "सगळा गाव बघलालाय. दोर टाका आन चला. पोरं पाया पडायला आल्यात."

"पडू दे. तिथूनच पडू दे."

"थांबा तरी!"

ते थांबले नाहीत. प्रतीक्षा त्यांच्या वाटेत वाकली होती. ते तिला वळसा घालून पुढं गेले आणि मागच्यालाही वळसा घालता यावा म्हणून दोर जरा लांब धरला. नवी नवरी वाकलेलीच राहिली, हात पुढं करून.

"अगं बाई, म्हातारपणी येड लागलं का ह्येला," शांताक्का म्हणाली. "घोडं गेलं आन दोरीच..." ती मध्येच थांबली. तिची नजर शंकरप्पांच्या खांद्यावरून मागं गेलेल्या दोराच्या टोकाकडं लागली होती. ते टोक जमिनीला टेकत नव्हतं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि दुसऱ्या हातानं नव्या सुनेला दंडाला धरून मागं ओढलं.

शंकरप्पा फेरी घेऊन परत आले, तेव्हा युवराज पुढं झाला होता. पोरगा गुणाचा होता. त्याचे डोळे भरले होते.

"दमलाव तुम्ही, आज्जा. द्या, मी धरतो जरा वेळ." त्यानं हात लांब केला.

"हात लावू नकोस!"

ते ओरडले. त्या पोरावर ते जन्मात कधी ओरडले नव्हते. युवराजचा हात हवेतच राहिला. मग खाली आला.

उमाशंकरनं पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"चल, बाबा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "माझ्या लग्नाला बी आले न्हवते. शर्यत व्हती. माझी आई गेली तवा बी शर्यतच व्हती. ह्या माणसाला आपल्यासाठी कवा टाईम व्हता? चल. माणसं जेवायची थांबल्यात."

शंकरप्पांना बोलायचं होतं. उमा, ऐक, असं काहीतरी. पण शब्द जुळवायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा, आणि आता तर छाती धापेला लागली होती, आपली लय सोडून मागच्या लयीत. तोंडातून नुसता श्वास आला.

चौघं पाठ करून निघाली. युवराजनं एकदा वळून बघितलं. शंकरप्पा झाडाच्या मागं गेले. पुन्हा समोर आले तेव्हा मैदानात कुणी नव्हतं. लांब मांडवात वाढपी बुंदीची परात घेऊन फिरत होते, आणि घरच्यांच्या रांगेत त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या पानावर कुणीतरी पाहुणा बसून जेवायला लागला होता.